बातमीदारीतून कोणती कौशल्ये घडतात आणि ती पुढे कुठे कामी येतात

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी आज एक प्रश्न हमखास विचारला जातो. वर्तमानपत्रांची पाने घटत आहेत, वाहिन्यांमधील नोकरी किती टिकेल याची खात्री नाही, तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन तर सांगण्यासारखेही नसते. मग या क्षेत्रात उमेदीची पाच-सात वर्षे घालवून हाती काय उरणार? हा प्रश्न रास्त आहे. ‘आवड असेल तर सगळे जमते’ असे म्हणून तो बाजूला सारणे मुलांवर अन्याय करणारे आहे, कारण आवड असूनही चाळिशीच्या आत हे क्षेत्र सोडावे लागलेली अनेक माणसे मराठी वृत्तपत्रसृष्टीत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी पुढे उत्तम काम केले, तर काहींना आपल्याला नेमके काय येते हे दुसऱ्या क्षेत्रातील माणसाला सांगताच आले नाही. या दोहोंमधील फरक बहुतेक वेळा बुद्धीचा नसतो. वृत्तपत्राच्या कचेरीत आपण काय शिकलो, हे त्यांनी ओळखले होते की नाही, यावर तो अवलंबून असतो.

सर्वसाधारण समज असा आहे की पत्रकाराला ‘लिहिता येते’ आणि हेच त्याचे कौशल्य. लेखन महत्त्वाचे आहे हे खरे, पण ते या कामाचे शेवटचे टोक आहे. त्याआधीचे काम अधिक कठीण असते: एखाद्या घटनेविषयी आपल्याला नक्की किती माहीत आहे, ते कोणाकडून कळले, सांगणाऱ्याचा त्यात कोणता स्वार्थ आहे आणि कागदोपत्री काय सिद्ध होते, हे ठरवणे, आणि मग तेवढेच, त्यापेक्षा जास्त नाही आणि कमीही नाही, अनोळखी वाचकाला ठरलेल्या वेळेत व ठरलेल्या जागेत सांगणे. ही शिस्त दररोज पाळावी लागते आणि चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जिल्ह्याला दिसते. इतक्या कमी अवधीत, इतक्या उघडपणे कामाचा निकाल लागणारी क्षेत्रे फार थोडी आहेत.

कांद्याच्या एका बातमीत काय काय असते

हे प्रत्यक्ष कसे घडते ते पाहण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीचे उदाहरण घेऊ. कांद्याचे लिलाव झाल्यानंतर बाजार समिती दर क्विंटलमागे तीन दर जाहीर करते: किमान, कमाल आणि सरासरी. नवखा बातमीदार त्यातला कमाल दर उचलतो, कारण मथळ्यात तोच उठून दिसतो. परंतु कमाल दर त्या दिवशी आलेल्या सर्वोत्तम मालाच्या थोड्याच वाहनांना मिळालेला असतो आणि बहुसंख्य शेतकऱ्यांच्या हाती सरासरीच्या आसपासची रक्कम पडते. कमाल दराचा मथळा वाचून मुंबई-पुण्यातील ग्राहकाला वाटते की शेतकरी मालामाल झाला, आणि त्याच दिवशी त्याहून कितीतरी कमी दराने माल विकून घरी परतलेला शेतकरी तो मथळा वाचून वर्तमानपत्रावरचा विश्वास गमावतो. आकडा खोटा नव्हता, पण बातमी दिशाभूल करणारी ठरली.

अनुभवी बातमीदार त्यामुळे आकडा मिळाल्यावर थांबत नाही. आवक किती होती, बहुतेक माल कोणत्या दराने गेला आणि आठवड्यापूर्वी याच वेळी काय परिस्थिती होती, हे तो विचारतो. कांदा कोणता होता, हेही विचारतो, कारण खरिपाचा लाल कांदा फार टिकत नाही आणि मिळेल त्या दराने तो विकावा लागतो, तर उन्हाळ कांदा साठवणीसाठी बांधलेल्या कांदाचाळीत काही महिने ठेवता येतो. दर पाचशे रुपयांनी घसरला ही बातमी डिसेंबरात एक अर्थ सांगते आणि जून महिन्यात दुसरा. हे कळण्यासाठी सांख्यिकीची पदवी लागत नाही. आकडा कशाचा आहे, कशाच्या तुलनेत आहे आणि तो कोणी मोजला, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारण्याची सवय लागते.

या बातमीला दिल्लीचेही एक टोक असते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य (ज्याहून कमी दराने माल परदेशी विकता येत नाही) आणि शुल्काच्या अटींसह ती पुन्हा खुली झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण काढून टाकण्यात आले. यातील प्रत्येक निर्णय प्रथम एका कोरड्या इंग्रजी अधिसूचनेच्या रूपाने बाहेर आला. ती वाचताना बातमीदाराला काही गोष्टी तातडीने शोधाव्या लागतात: निर्णय कोणत्या तारखेपासून लागू आहे, बंदरात आधीच पोहोचलेल्या मालाचे काय होणार, अपवाद कोणते. नंतर व्यापारी, शेतकरी संघटनेचा कार्यकर्ता आणि बाजार समितीचा सचिव यांच्याशी बोलावे लागते. व्यापारी नुकसान मोठे करून सांगेल, संघटना त्यातून आंदोलनाची मागणी मांडेल, सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारी निर्णय तात्पुरता असल्याचे सांगेल. यातील कोणीही खोटे बोलत असेल असे नाही. प्रत्येक जण स्वतःच्या जागेवरून दिसणारी बाजू सांगत असतो. ती बाजू कोणाची आहे हे वाचकाला कळेल अशा रीतीने लिहिणे, हे बातमीदाराचे काम.

तीन-चार वर्षे असे काम केलेल्या तरुणाला शासकीय दस्तऐवज वाचून त्याचा परिणाम सांगता येतो, परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या लोकांशी बोलता येते, बाजाराच्या आकड्यांचा अर्थ लावता येतो आणि एकच गोष्ट शेतकऱ्याला व ग्राहकाला वेगवेगळ्या अंगांनी समजावता येते. शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी क्षेत्रातील संशोधन करणारी संस्था, बँकेचा ग्रामीण कर्ज विभाग किंवा धोरणांचा अभ्यास करणारा गट यांना नेमकी अशीच माणसे हवी असतात. मात्र बायोडेटामध्ये हा तरुण ‘कृषी वार्ताहर, चार वर्षे’ एवढेच लिहितो आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

अपुऱ्या माहितीत काम करणे

३० जुलै २०१४ रोजी पहाटे पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला. नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्यानंतर बाहेरच्या जगाला ही दुर्घटना समजली. त्या दिवशी सकाळी किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, हे कोणालाही ठाऊक नव्हते. मृतांची संख्या दिवसागणिक वाढत गेली आणि ढिगारा उपसण्याचे काम संपेपर्यंत ती दीडशेच्या पुढे गेली.

अशा वेळी वृत्तपत्राच्या कचेरीत काय करावे लागते, ते समजून घेण्यासारखे आहे. गावात घरे किती होती हे ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून किंवा मतदार यादीवरून कळू शकते. त्या रात्री कोण घरी होते, हे नातेवाइकांकडून. बाहेर काढलेल्या मृतदेहांची संख्या प्रशासनाकडून. हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जुळत नाहीत हे लिहावेच लागते. ‘जिल्हा प्रशासनाने सायंकाळी सातपर्यंत दिलेल्या माहितीनुसार’ असे शब्द वाचकाला कंटाळवाणे वाटू शकतात, परंतु त्या शब्दांत संपूर्ण व्यवसायाची नैतिकता सामावलेली आहे. आपल्याला जे ठाऊक आहे त्याची हद्द कुठे संपते, हे त्यात प्रामाणिकपणे सांगितलेले असते. रुग्णालयाच्या व्यवस्थापनात, आपत्ती निवारण कक्षात, विमा कंपनीत किंवा मोठ्या उद्योगाच्या सुरक्षा विभागात काम करणाऱ्याला हीच सवय असावी लागते: माहिती अपुरी असताना निर्णय घ्यायचा, पण ती पुरी असल्याचा आव आणायचा नाही, आणि नवी माहिती येताच आधीचे विधान न लाजता दुरुस्त करायचे.

आता छायाचित्रे आणि चित्रफितींची पडताळणी याच कामाचा भाग झाली आहे. एखाद्या जुन्या पुराची चित्रफीत आजच्या पुराची म्हणून फिरू लागते, तेव्हा ती प्रथम कधी प्रसिद्ध झाली, तिच्यातील पाट्या कोणत्या लिपीत आहेत, वाहनांचे क्रमांक कोणत्या राज्याचे आहेत, हे पाहावे लागते. हे तंत्र काही आठवड्यांत शिकता येते. त्यामागचा संशय मात्र अंगी मुरावा लागतो आणि तो आपल्या मताला अनुकूल असलेल्या चित्रफितीबाबतही तितकाच जागा राहावा लागतो.

डेस्कवर घडणारी माणसे

बातमीदाराचे नाव छापून येते, उपसंपादकाचे येत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांना डेस्कचे, म्हणजे कचेरीत बसून आलेल्या बातम्या तपासण्याचे आणि पानात बसवण्याचे, काम दुय्यम वाटते. माझे मत नेमके उलट आहे. दुसऱ्या क्षेत्रात नेण्याजोगी सर्वाधिक कौशल्ये कोठे घडत असतील, तर ती डेस्कवर. रात्री साडेनऊला पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी येते, बाहेरगावची डाक आवृत्ती सुटण्याची वेळ जवळ आलेली असते, जाहिरात वाढल्यामुळे पानावरची जागा निम्मी झालेली असते आणि तालुक्याहून आलेली सहाशे शब्दांची बातमी दोनशे शब्दांत बसवायची असते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निर्णय दहा मिनिटांत करावा लागतो आणि सोडलेल्या वाक्यामुळे अर्थ बदलणार नाही याची काळजी घ्यावी लागते. अनेक वर्षे हे केलेल्या माणसासमोर शंभर पानांचा अहवाल ठेवला, तर त्यातील महत्त्वाचे दोन परिच्छेद तो सहज शोधून काढतो.

डेस्कवर शब्दांचा नेमकेपणाही शिकला जातो, आणि हा नेमकेपणा शैलीपेक्षा वस्तुस्थितीशी जोडलेला असतो. महापालिकेच्या रस्त्याचे उदाहरण घ्या. रस्त्याची घोषणा होणे, प्रस्तावाला स्थायी समितीची मंजुरी मिळणे, निविदा निघणे, कार्यादेश दिला जाणे आणि प्रत्यक्ष काम सुरू होणे, या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येकदा वर्षे जातात. ‘रस्ता मंजूर’ असा मथळा यांपैकी पहिल्याच टप्प्यावर दिला गेला, तर नागरिकांची फसवणूक होते. अर्थसंकल्पातही हाच धडा मिळतो: अंदाजित तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे रकाने असतात, आणि शहराचे खरे चित्र बहुधा तिसऱ्या रकान्यात दडलेले असते. न्यायालयाच्या बातमीत न्यायमूर्तींनी सुनावणीदरम्यान केलेली तोंडी टिप्पणी आणि लेखी आदेश यांत अंतर असते. पोलिसांच्या बातमीत संशयित, आरोपी आणि दोषी यांत. हे अंतर न पाळल्यास एखाद्या निरपराध माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

येथे कायद्याचेही भान येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचा गुन्हा कलम ३५६ मध्ये, तर लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यावरील बंदी कलम ७२ मध्ये आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत त्यांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. गावाचे, शाळेचे किंवा नातेवाइकाचे नाव दिल्यानेही ओळख उघड होऊ शकते, हे नव्या उपसंपादकाला पहिल्या काही आठवड्यांतच शिकवले जाते, किंवा शिकवले गेले पाहिजे. पुढे एखाद्या संस्थेत गोपनीय माहिती हाताळण्याची वेळ आली, की हे भान उपयोगी पडते.

अनुवाद हा तर मराठी पत्रकारितेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे, आणि तोच दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. मराठी उपसंपादक आजही रोज इंग्रजी-हिंदी मजकूर मराठीत आणतो, आणि शब्दाला शब्द ठेवून बातमी वाचनीय होत नाही हे त्याला सवयीने कळलेले असते. बँका, विमा कंपन्या, मोबाइल अॅप तयार करणारे उद्योग आणि शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या संस्था यांना आज मराठी मजकुराची मोठी गरज आहे, आणि त्यातील बराचसा मजकूर इतका कृत्रिम असतो की ग्राहक भाषा बदलून इंग्रजी पर्याय निवडतो. या कामासाठी डेस्कवर घडलेल्या माणसांइतकी योग्य माणसे शोधूनही सापडणे कठीण.

माणसे जोडणे

बातमी मोठ्या पदावरील व्यक्तीकडून मिळते, हा आणखी एक गैरसमज. जिल्हाधिकारी जे सांगतात ते सर्वांना सांगतात. खरी माहिती अनेकदा अव्वल कारकून, तलाठी, परिचारिका, न्यायालयाचा बेलिफ किंवा पोलीस ठाण्यातील हवालदार यांच्याकडे असते, आणि ही माणसे गरजेपुरते गोड बोलणाऱ्याला ती देत नाहीत. बातमी नसतानाही भेटणे, नाव न छापण्याचा शब्द पाळणे, त्यांच्याविषयीची प्रतिकूल बातमी असेल तर आधी त्यांचे म्हणणे विचारणे, यातून वर्षानुवर्षे विश्वास तयार होतो. नानासाहेब परुळेकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, तेव्हा त्यांनी गावोगावी वार्ताहर नेमण्यावर भर दिला. मतप्रदर्शनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सामान्य माणसाच्या जगण्याची बातमी महत्त्वाची असते, ही त्यामागील दृष्टी होती. सामाजिक संशोधनात, क्षेत्रीय पाहणीत, कामगार संबंधांत किंवा कोणत्याही लोकाभिमुख सेवेत अनोळखी माणसाला बोलते करण्याचे हेच कौशल्य लागते.

ही कौशल्ये कुठे गेली, कुठे जातात

पत्रकारितेतून इतरत्र जाणे ही आजची टंचाईतून निघालेली पळवाट आहे असे समजू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’चे संपादन करता करता मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी यांविषयीची निवेदने त्यांनी तयार केली, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तक्रारी नेमक्या शब्दांत मांडण्याची संपादकाची सवय त्या निवेदनांच्या कामी आली असणार, असे मला वाटते. अरुण साधू यांनी इंग्रजी दैनिकांत वार्तांकन केले, मराठीत कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुखपद सांभाळले. विद्याधर गोखले ‘लोकसत्ता’चे संपादक होते, संगीत नाटककार होते आणि लोकसभेचे सदस्यही झाले. दिलीप पाडगावकर यांनी वृत्तपत्रातून युनेस्कोत जाऊन काही वर्षे काम केले, परत येऊन ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादकपद भूषवले, आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरसाठी नेमलेल्या तीन संवादकांपैकी ते एक होते.

आजच्या वाटा अधिक साध्या आणि संख्येने जास्त आहेत. राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे आहेत आणि त्यांतील काही लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. स्वयंसेवी संस्थांना अहवाल आणि निधीचे प्रस्ताव लिहिणारी माणसे लागतात. विद्यापीठे, रुग्णालये आणि उद्योग यांचे संपर्क विभाग आहेत. माहितीपट, पॉडकास्ट, पुस्तकांचे संपादन आणि अध्यापन आहे. काही बातमीदार न्यायालयाचे वार्तांकन करता करता कायद्याची पदवी घेतात आणि वकील होतात. काही स्पर्धा परीक्षांकडे वळतात, जिथे चालू घडामोडींचा पाया आणि ठरलेल्या वेळेत नेमके उत्तर लिहिण्याची सवय त्यांना हात देते. पत्रकारितेतही जागा वेगळ्या झाल्या आहेत: पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात मराठीसह अनेक भारतीय भाषांत वृत्तांत प्रसिद्ध होतात, आणि तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्था हे एक नवे क्षेत्रच तयार झाले आहे.

यांतील एका वाटेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जनसंपर्काच्या नोकरीत पत्रकाराचे लेखन, ओळखी आणि वेळेचे भान या सर्वांना मोल मिळते, पण निष्ठा बदलते. तेथे तुम्ही वाचकाचे नसता, संस्थेचे असता. हे काम प्रामाणिकपणे करता येते आणि अनेक जण करतात. मात्र जुन्या सहकाऱ्यांच्या विश्वासाचा उपयोग करून अर्धवट माहिती गळी उतरवणे, किंवा पत्रकार म्हणून काम करत असतानाच एखाद्या राजकीय नेत्याचे प्रसिद्धीपत्रक पैसे घेऊन लिहून देणे, यामुळे दोन्ही व्यवसायांतील पत जाते. ही गोष्ट दुर्मीळ असती तर येथे लिहिण्याची गरज पडली नसती.

काही सवयी पत्रकाराला दुसरीकडे जड जातात, हेही सांगणे आवश्यक आहे. रोज संध्याकाळी काम संपण्याची सवय लागलेल्या माणसाला दोन वर्षे चालणारा प्रकल्प अंगावर येतो. अंदाजपत्रक करणे, मनुष्यबळाचे नियोजन करणे, बैठकीचे इतिवृत्त ठेवणे, या गोष्टी वृत्तपत्रात फारशा शिकवल्या जात नाहीत. प्रत्येक विषयातले थोडे थोडे ठाऊक असल्यामुळे एखाद्या विषयाची खोल जाण असल्याचा भ्रमही होऊ शकतो. यावर उपाय असा की पाच वर्षांच्या आत एखादा विषय आपला करावा: पाणी, शिक्षण, आरोग्य, शहर नियोजन, सहकार, यांपैकी कोणताही. केवळ ‘पत्रकार’ असलेल्या माणसापेक्षा राज्यातील सिंचनाची आकडेवारी पंधरा वर्षे वाचत आलेल्या पत्रकाराला दारे अधिक सहज उघडतात.

पहिली नोकरी कशी निवडावी

वर सांगितलेले सारे प्रत्येक कचेरीत घडत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रसिद्धीपत्रके जशीच्या तशी चिकटवणे, दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील मजकूर शब्द बदलून दिवसाला वीस वेळा लिहिणे, किंवा वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करत फिरणे, हेच जिथे मुख्य काम असेल, तिथे पाच वर्षे राहूनही एका वर्षाचाच अनुभव मिळतो. वार्ताहराने ज्यांच्याविषयी निर्भीडपणे लिहायचे, त्यांच्याकडेच जाहिरातीसाठी हात पसरावा लागणे ही मराठी जिल्हा पत्रकारितेची सर्वांत दुःखद गोष्ट आहे, आणि तिचा दोष त्या वार्ताहराला देता येत नाही. म्हणून मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराने वेतनाबरोबर काही गोष्टी अवश्य विचाराव्यात: माझी बातमी कोण तपासणार, चूक झाली तर मला ती समजावून सांगितली जाणार का, मला एखादे बीट, म्हणजे कायम सांभाळायचा विषय, मिळणार का, आणि जाहिरातीचे उद्दिष्ट दिले जाणार का. ज्याच्या हाताखाली शिकता येईल असा चांगला मुख्य उपसंपादक मोठ्या नावाच्या दैनिकापेक्षा अधिक मोलाचा असतो. लहान दैनिकात एकाच माणसाला न्यायालय, जिल्हा परिषद आणि रुग्णालय अशी तिन्ही ठिकाणे फिरावी लागतात, त्यामुळे तेथे शिकणेही वेगाने होते.

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात सांगायचे तर, पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, राज्यातील इतर विद्यापीठांचे विभाग आणि मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवणारे भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र हे परिचित पर्याय आहेत. अभ्यासक्रमाने दिशा मिळते आणि पुढच्या ओळखी होतात. बाकीचे काम करूनच येते. नोकरी मिळण्याआधीही ते करता येते. आपल्या प्रभागातील एका रखडलेल्या कामाविषयी माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा, तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे, मिळालेली कागदपत्रे वाचून पाचशे शब्द लिहावेत आणि संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे त्यात घ्यावे. एवढे एकदा नीट केलेल्या विद्यार्थ्याला संपादकासमोर दाखवण्याजोगे काही तरी हाती असते.

क्षेत्र बदलताना बायोडेटा लिहावा लागतो, तेव्हा पदनामांऐवजी कामे लिहावीत. ‘उपसंपादक’ या शब्दापेक्षा, रोज किती मजकूर तपासला, कोणत्या भाषांतून अनुवाद केला, किती जणांच्या पाळीचे नियोजन केले, निवडणुकीच्या रात्री कोणत्या पानांची जबाबदारी होती, हे लिहिल्यास वृत्तपत्राबाहेरच्या माणसाला अर्थबोध होतो. बातमीमुळे एखादा निर्णय बदलला असेल तर तो लिहावा, पण श्रेय वाढवून सांगू नये. प्रसिद्ध झालेल्या पानांच्या तारखेसह प्रती स्वतःकडे ठेवाव्यात, कारण ई-पेपरचे जुने दुवे कालांतराने बंद पडतात आणि कचेरी सोडल्यावर जुन्या अंकांपर्यंत पोहोचणे अवघड होते. टिपणवह्या आणि फोनमधील संपर्क मात्र कोणालाही दाखवू नयेत. मुलाखतीत एखादी बातमी कशी मिळवली असे विचारले, तर कोणती कागदपत्रे पाहिली, कोणता आकडा कशाशी ताडून पाहिला आणि कोणती शंका शेवटपर्यंत उरली हे मोकळेपणाने सांगावे. ती कोणाकडून कळली हे विचारले, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण माहिती देणारा माणूस कदाचित अजूनही त्याच कार्यालयात, त्याच साहेबांच्या हाताखाली काम करत असेल.